हाय आउटपुट की लो आउटपुट? एकाच लेस पॉल गिटारवर तीन पिकप लावून बघितले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका पिकपचा (इलेक्ट्रिक गिटारवर तारांखाली बसणारा, तारांची थरथर पकडून विजेचा सिग्नल करणारा चुंबक-कॉइलचा भाग; सिग्नल जितका जास्त तितकं आउटपुट हाय) नाहीये, तिघांचा आहे, आणि तिन्ही मी स्वतःच्या पैशाने घेतलेत, कोणी फुकट पाठवलेले नाहीत. सेमोर डंकनचा ५९ (एसएच-१), त्यांचाच जेबी (एसएच-४) आणि डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन. तिन्ही ब्रिजचे (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या टोकाचे), तिन्ही हंबकर (दोन कॉइलचे), आणि तिन्ही आळीपाळीने माझ्या एपिफोन लेस पॉलमध्ये बसले. त्याच तारा, तेच पिक, तीच केबल. घरी बॉस कटाना ५० हा अँप (अँप्लिफायर) आणि बँडच्या जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या खोलीत, मार्शलचं ट्यूब हेड (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप). पिकप बदलला की बाकी काहीच बदलायचं नाही एवढं पथ्य पाळलं, कारण लोक पिकपबरोबर तारा पण बदलतात, पॉट (नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) पण बदलतात, सेटअप पण करून घेतात आणि मग म्हणतात पिकपने गिटारचा कायापालट झाला. अरे बाबा, अर्धा कायापालट नव्या तारांचा होता.

हा प्रश्न मला नेहमी येतो, "दादा मेटल वाजवायचंय, हाय आउटपुट घेऊ ना?" आणि विचारणारा सगळं आधीच ठरवून आलेला असतो, त्याला फक्त हो ऐकायचं असतं. माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असं असतं. का, ते खाली सविस्तर.

आधी थोडं मागे जाऊ, नाहीतर हाय आउटपुट ही भानगड मुळात आली कुठून ते कळत नाही. हंबकर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास बनवला, हेतू एकच, सिंगल कॉइलमधली ती मेन्सची गुणगुण घालवायची. दोन कॉइल उलट्या जोडल्या की हम एकमेकांना मारतो आणि तारांचा सिग्नल मात्र टिकतो. १९५७ पासून ते पिकप गिटारींमध्ये यायला लागले, खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. त्यांचा रेझिस्टन्स साधारण साडेसात ते साडेआठ किलोओम, वेढ्यांचा आकडा काही काटेकोर नव्हता त्यामुळे दोन पीएएफ एकसारखे सापडणं कठीण. आज आपण ज्याला लो आउटपुट किंवा व्हिंटेज आउटपुट म्हणतो ते म्हणजे साधारण हेच.

मग १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन आणला. त्या काळातले अँप आठवा, मार्शलच्या शंभर वॅटच्या सुपर लीडला मास्टर व्हॉल्यूमच नव्हता, म्हणजे डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) हवं तर अँप कानठळ्या बसेपर्यंत वर न्यायचा, दुसरा मार्ग नाही. मास्टर व्हॉल्यूमवाला मार्शल १९७५ ला आला. तर अशा काळात गिटारमधूनच जास्त सिग्नल निघाला तर अँपची पहिली ट्यूब लवकर फुटते (फुटते म्हणजे आवाज फुटतो, ट्यूब नाही), ही कल्पना जबरदस्त होती. किस बँडचा एस फ्रेली, आल दि मिओला, सगळ्यांनी उचलला. म्हणजे हाय आउटपुट पिकप हा एका ठरावीक अडचणीवरचा तोडगा होता, अँपमध्ये गेन (सिग्नल वाढवून आवाज फोडायची ताकद) कमी आहे ही ती अडचण.

आता मला सांगा, २०२० नंतर विकत घेतलेल्या कुठल्या अँपमध्ये गेन कमी आहे? कटानाचा ब्राउन चॅनल, स्वस्तातले मल्टीइफेक्ट, फोनवरची गिटार अ‍ॅप, सगळीकडे गेन ओसंडून वाहतोय. नॉब अर्ध्यावर नेला तरी पुरेपूर होतो. तरी लोक गेन विकत घ्यायला पिकपवर दहा हजारांच्या आगेमागे खर्च करतात.

आणि किती जास्त मिळतं ते पण बघा. डिमार्झिओ आपल्या पिकपचं आउटपुट मिलिव्होल्टमध्ये छापते, हे मला त्यांचं फार आवडतं. सुपर डिस्टॉर्शन ४२५. त्यांचाच पीएएफ प्रो ३००. एअर नॉर्टन २७०. ४२५ आणि २७० मधला फरक डेसिबलमध्ये काढला तर ४ डीबीच्या आसपास येतो. चार! कुठलंही साधं बूस्ट पेडल याच्या कितीतरी पट देतं. मेटलवाले तर पुढे ट्यूबस्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१ असं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतातच, ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल फुल, म्हणजे तुमच्या लो आउटपुट पिकपचं ते ४ डीबीचं 'दुःख' पेडलच्या लेव्हल नॉबच्या एका वळणात संपतं.

त्याच आकड्यांत अजून एक गंमत आहे. एअर नॉर्टनचा रेझिस्टन्स १२.५८ किलोओम, पीएएफ प्रोचा ८.४. म्हणजे जास्त किलोओमवाल्याचं आउटपुट कमी आणि कमीवाल्याचं जास्त. दुकानात किंवा सेकंडहँड जाहिरातीत "१६ के आहे भाऊ, एकदम हॉट" असं कोणी सांगितलं तर हे आकडे आठवा. रेझिस्टन्स म्हणजे फक्त तांब्याच्या तारेची लांबी आणि जाडी. पीएएफमध्ये ४२ गेजची तार असते, साधारण ०.०६३ मिमी, जेबीमध्ये त्याहून बारीक ४४ गेज. बारीक तारेचा रेझिस्टन्स तसाही जास्त, त्यामुळे दुप्पट किलोओम म्हणजे दुप्पट वेढे नाहीत आणि दुप्पट आउटपुट तर नाहीच नाही. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, दर डिग्रीला ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी २० डिग्रीला ८ किलोओम दाखवणारा पिकप मे महिन्यात ४० डिग्रीला साडेआठच्या पुढे दाखवेल. पिकप हॉट झाला की नाही? झाला, पण तो उन्हाने.

मग हाय आउटपुटने नक्की बदलतं काय? आवाजाचा पोत. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स, आणि इंडक्टन्स वाढला की पिकपचा जो रेझोनन्सचा उंचवटा (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात जोरात बोलतो) असतो तो खाली सरकतो. कागदावर ढोबळ हिशेब केला, पाच मीटरची साधी केबल धरून. पीएएफ टाइप पिकपचा उंचवटा ३,००० हर्ट्झच्या थोडा वर येतो आणि जेबीसारख्याचा २,५०० च्या खाली. ऐकताना हाच फरक जाणवतो: वरची चकाकी, पिक तारेला लागल्याचा तो 'टिक', कॉर्डमधल्या सहा तारा सुट्ट्या ऐकू येणं, हे सगळं लो आउटपुटमध्ये जास्त. आणि मिड्सचा (मधल्या फ्रिक्वेन्सींचा) जाडपणा, सोलोमध्ये नोट पुढे येणं, हे हाय आउटपुटमध्ये. लोक ज्याला 'पॉवर' म्हणतात ती बहुतेक वेळा ही मिड्सची जाडीच असते.

आता एकेक घेतो.

सेमोर डंकन ५९. ब्रिजचा, ८.१३ किलोओम, अल्निको ५ चुंबक. बसवला आणि क्लीनवर पहिली ई मायनर वाजवली तेव्हाच कळलं की एपिफोनचा जुना पिकप किती झाकून ठेवत होता. वरच्या तारा स्वच्छ, खालची ई तार पियानोसारखी गुरगुरते पण फुगत नाही. क्रंचवर हा पिकप सगळ्यात भारी, म्हणजे अँप थोडासा फुटलाय, हळू वाजवलं की क्लीन आणि जोरात मारलं की दात दाखवतो, तो प्रकार. व्हॉल्यूम नॉब सहावर आणला की जवळजवळ क्लीन, दहावर रॉक, चॅनल बदलायचा पायाला त्रासच नाही. आमचा कव्हर बँड आहे, लग्नाच्या संगीताला आणि गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवतो, एका गाण्यात कोळीगीताची चुटचुटीत कॉर्ड आणि पुढच्यात एकदम जड रिफ, तिथे हा नॉबचा खेळ सोन्यासारखा.

वाईट काय? चुका लपवत नाही. डावा हात कच्चा असेल, पिकिंग खालीवर होत असेल, सगळं समोर येतं. पहिले काही दिवस मला माझंच वाजवणं आवडेना. दुसरं म्हणजे मिड्स थोडे खोल आहेत, दोन गिटारवाल्या बँडमध्ये सोलोला तुम्ही मागे राहाल, बूस्ट पेडल पायाशी हवंच. आणि ज्यांची गिटार मुळातच चिरकी आहे, म्हणजे हलक्या लाकडाची बोल्ट-ऑन, त्यांना ब्रिजवर हा बारीक आवाजाचा वाटू शकतो. माझी महोगनीची लेस पॉल आहे, तिला शोभतो.

मेटल होतं का यावर? होतं हो. खरं तर जास्त चांगलं होतं. जॅमपॅडवर मार्शलच्या पुढे एसडी-१ लावून पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून) मारले तर एकेक सुटा, घट्ट. ड्रॉप सी या खालच्या ट्यूनिंगमध्ये पण खालची तार चिखल करत नाही. इतिहास बघितला तरी तेच, एडी व्हॅन हेलनच्या त्या पट्ट्यांच्या गिटारमध्ये (पहिला अल्बम १९७८) गिब्सन ईएस-३३५ मधून काढलेला पीएएफ होता. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने बँडचा १९७० चा पहिला अल्बम पी-९० या सिंगल कॉइलवाल्या गिब्सन एसजीवर वाजवला, आणि त्याच्या पुढे रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर होता. म्हणजे हेवी मेटल नावाची गोष्ट ज्या आवाजाने सुरू झाली तो आवाज सिंगल कॉइल अधिक बूस्टर असा होता. हे सांगितलं की समोरचा मुलगा माझ्याकडे संशयाने बघतो.

सेमोर डंकन जेबी. १६.४ किलोओम, चुंबक पुन्हा अल्निको ५. याची जन्मकथा मस्त आहे, सत्तरच्या सुरुवातीला सेमोर डंकन लंडनला काम करत असताना त्याने गिटारवादक जेफ बेकसाठी एक टेलिकास्टर हंबकर लावून बनवली, टेली-गिब म्हणतात तिला, तिथपासून हा पिकप चालत आलाय. जगात बदली म्हणून सगळ्यात जास्त बसवलेला हंबकर बहुधा हाच असेल, ज्याला विचारा तो जेबीच सांगतो.

माझं मत? सोलोला अप्रतिम, रिदमला मध्यम. याचे वरचे मिड्स पुढे ढकललेले आहेत, नोट एकदम गात येते, पिंच हार्मोनिक (पिकबरोबर अंगठा लावून काढलेले किंचाळते सूर) तर न मागता निघतात. ऐंशीच्या दशकातला तो हार्डरॉक लीड टोन हवा असेल तर दुसरीकडे बघू नका. पण माझ्या लेस पॉलमध्ये तो थोडा नाकात बोलतो, आणि खालचा बेस सैल आहे, जलद पाम म्यूट मारताना लोळतो. क्लीनवर ठीकठाक, पण व्हॉल्यूम कमी केला की ५९ सारखा स्वच्छ होत नाही, फक्त लहान आणि बोथट होतो. त्याचं कारण असं की पिकप एवढा भारी वेढ्यांचा असला की नॉब खाली घेताना केबलच्या कपॅसिटन्समुळे ट्रेबल अजूनच पटकन जातो. ट्रेबल ब्लीड म्हणजे व्हॉल्यूम पॉटवर एक छोटा कपॅसिटर लावून घेतला तर बरंच सुधारतं, काम पाच मिनिटांचं आहे, सोल्डरिंग येत असेल तर घरीच करा.

उलट ज्यांची गिटार आल्डर बॉडीची, मेपल नेकची, फ्लॉइड रोझ (तारा लॉक करणारा ट्रेमोलो ब्रिज) वगैरे आहे, तिथे जेबी जास्त जमतो असं माझ्या बघण्यात आलंय. काहीजण चिरकेपणा कमी करायला ५०० के ऐवजी २५० के पॉट लावतात, ते पण चालतं. मित्राच्या सुपरस्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटच्या आकाराची रॉक गिटार) हाच जेबी मी वाजवलाय आणि तिथे तो माझ्या गिटारपेक्षा वेगळाच माणूस होता.

डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन. रेझिस्टन्स १३.६८ किलोओम, जेबीपेक्षा कमी बरं का, पण चुंबक सिरॅमिक आणि आउटपुट प्रचंड. प्लग लावला आणि कटानाचा क्लीन चॅनल क्लीन राहिलाच नाही. जाड, भरीव, मिड्सचा डोंगर, आणि जेबीपेक्षा बेस जास्त घट्ट, हे सिरॅमिकचं देणं. पॉवर कॉर्ड मारली की भिंत. गंमत म्हणजे वाजवायला हा सगळ्यात सोपा वाटतो, सिग्नल दबून एकसारखा येतो, हळू मारा नाहीतर जोरात मारा, आवाज जवळपास तेवढाच. नवीन शिकणाऱ्याला म्हणूनच हाय आउटपुट आवडतात, हात चांगला बसल्यासारखा वाटतो. मला नेमका तोच एकसारखेपणा खुपला. तासभर वाजवलं की कान थकतात, डायनॅमिक्स उरत नाहीत, आमच्या संगीताच्या प्रोग्रॅममध्ये तर साध्या आर्पेजिओला पण खरखर यायची, मग नॉब पाचवर, मग ट्रेबल गायब, मग अँपवर ट्रेबल वाढवा, मग सोलोला नॉब दहावर आणि ट्रेबल कानात. हे चक्र संपतच नाही.

पण पंक, सत्तरचा हार्डरॉक, एका चॅनलचा जुना ट्यूब अँप, पेडल वगैरे काही नाही, गिटार सरळ अँपमध्ये, असा ज्यांचा कारभार आहे त्यांच्यासाठी हा पिकप आजही राजा आहे. तिथे ती १९७२ ची अडचण अजून जिवंत आहे ना. जॅमपॅडवर मार्शलमध्ये बिनपेडलचा लावला तेव्हा मला एकदम पटलं की लोक का वेडे झाले असतील, हेडचा गेन सहावर असताना जो आवाज ५९ देत नव्हता तो याने दिला.

रेकॉर्डिंगचं एक सांगायलाच हवं कारण आता सगळे घरीच रेकॉर्ड करतात. हाय आउटपुट पिकप थेट ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावला तर काही इंटरफेस गेन शून्यावर ठेवूनही लाल दिवा दाखवतात. माझ्याकडचा एक तसाच होता, नाव लिहीत नाही. सुपर डिस्टॉर्शनवर जोरात कॉर्ड मारली की क्लिप, आणि हे डिजिटल क्लिपिंग म्हणजे ट्यूबसारखं गोड नसतं, नुसतं तडतडणं. पॅडचं (सिग्नल कमी करणारं) बटण असलेला इंटरफेस घ्या, नाहीतर पिकप खाली करा. अँप सिम्युलेटर प्लगइनचं पण तेच, जास्त गरम सिग्नल गेला की सगळे प्रीसेट गेन जास्त झाल्यासारखे वाजतात आणि माणूस प्लगइनला शिव्या घालतो.

पिकप खाली करा म्हणालो, तर ही या सगळ्या लेखातली फुकटची टीप समजा. पिकपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ते फिरवले की पिकप वरखाली होतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिज पिकप आणि तारेत साधारण २ मिमी अंतर, इथून सुरुवात करा. हाय आउटपुटवाला एक-दीड मिमी खाली नेला की आउटपुट लक्षात येण्याइतकं उतरतं, आवाज मोकळा होतो, श्वास घेतो. लो आउटपुटवाला वर आणला की अंगात येतो. मात्र इंडक्टन्स तोच राहतो, म्हणजे जेबी कितीही खाली घातला तरी त्याचा ५९ होणार नाही, मिड्सचा स्वभाव तोच. फार वर पण आणू नका, चुंबकाची ओढ तारांना लागते, विशेषतः स्ट्रॅटच्या नेक पिकपला, वरच्या फ्रेटवर नोट बेसूर आणि लटपटती येते आणि माणूस इंटोनेशन करत बसतो. दहा हजार खर्च करायच्या आधी एक दुपार स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा. कित्येकांचं समाधान तिथेच होईल.

एकाने मला विचारलं होतं की हाय आउटपुट घेऊन नंतर कमी करता येतंच ना, मग जास्तवालाच का नको. मिसळीचं बघा, तर्री वेगळ्या वाटीत दिली तर आपल्या हिशेबाने ओतता येते, आधीच ओतून आणली की बाहेर काढता येत नाही, नुसतं पाव जास्त खायचं. गेन पुढे पेडलमध्ये, अँपमध्ये, प्लगइनमध्ये कुठेही वाढवता येतो. पिकपमध्येच जी वरची फ्रिक्वेन्सी गेली ती पुढे इक्वलायझरने वाढवली तर बरोबर खरखर पण वाढते.

अ‍ॅक्टिव्ह पिकपबद्दल थोडक्यात, कारण ते माझ्या गिटारवर लावले नाहीत, मित्राच्या गिटारवर ईएमजी ८१ भरपूर वाजवलाय. त्यात आतली कॉइल उलट कमी वेढ्यांची असते आणि पिकपच्या डब्यातच प्रीअँप असतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यामुळे हाय आउटपुट आणि तरी आवाज गढूळ नाही, लांब केबलने ट्रेबल जात नाही, आणि शांतता एवढी की गेन फुल असताना प्लग लावलाय की नाही शंका येते. जेम्स हेटफिल्ड, झॅक वाइल्ड यांचा आवाज हाच. थ्रॅश वाजवणाऱ्याने सरळ हा घ्यावा, माझी हरकत नाही. पण क्लीनवर मला तो इस्त्री केल्यासारखा सपाट वाटतो. आणि वाजवून झालं की केबल गिटारमधून काढायची सवय लावा, जॅक आत राहिला की बॅटरी चालूच राहते. पॉट पण २५ के लागतात, जुने ५०० के ठेवून चालत नाही, म्हणजे बसवायचं काम वाढतं.

सिंगल कॉइलवाल्यांचा प्रश्न अजून वेगळा. तिथे लो आउटपुट म्हणजे सहा किलोओमच्या आसपासचा स्ट्रॅट पिकप, आणि आपल्याकडे ५० हर्ट्झचा हम अधिक जुन्या बिल्डिंगचं अर्थिंग अधिक गणपतीच्या मांडवातले डिमर आणि एलईडीच्या माळा. तिथे क्लीनवर सुद्धा झुंईं आवाज येतो. पण त्यावर हाय आउटपुट सिंगल कॉइल हा उपाय नाही, हम पण वाढतोच त्याच्याबरोबर. एचएसएस (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल) गिटार घ्या, यामाहा पॅसिफिका ११२व्ही सारखी, ब्रिजला हंबकर आणि पुश-पुल नॉब ओढला की तोच सिंगल होतो. नवीन माणसाला मी तरी डोळे झाकून हेच सांगतो आणि वर्षभर पिकपचा विषय काढू नको असंही सांगतो.

बसवताना दोन-तीन गोष्टी. डंकनमध्ये काळी वायर हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकत्र जोडून टेप. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. दोन्ही कंपन्यांचे पिकप एकाच गिटारमध्ये असतील तर मधल्या पोझिशनला आवाज पातळ, ट्रान्झिस्टर रेडिओसारखा आला तर फेज उलट आहे, एकाची हॉट-ग्राउंड अदलाबदल करायची, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच ठेवून. एका दुकानात मला पिकप बसवून दिला तेव्हा नेमकं हेच झालं होतं आणि तिथला माणूस म्हणाला "नवीन पिकप आहे, सेट व्हायला वेळ लागतो". पिकप काही नवा बूट नाही सेट व्हायला. घरी येऊन वायर उलटी केली, आवाज भरला. तसंच फेंडर टाइप ब्रिज किंवा फ्लॉइड असेल तर पोलचं (प्रत्येक तारेखालच्या स्क्रूचं) अंतर बघून घ्या, डंकनमध्ये त्याला ट्रेमबकर म्हणतात, त्यात कडेच्या दोन पोलमधलं अंतर जवळपास साडेतीन मिमी जास्त असतं, डिमार्झिओमध्ये एफ-स्पेस्ड. चुकीचा घेतला म्हणून वाजत नाही असं नाही, पण कडेच्या तारा पोलवरून सरकलेल्या दिसतात आणि एकदा दिसल्या की मग दुसरं काही दिसत नाही.

नेकला काय लावायचं हा प्रश्न पण याच्यातच येतो. नेकजवळ तार जास्त हलते म्हणून तिथे तोच पिकप जास्त मोठा आणि बेसी वाजतो, त्यामुळे नेकला नेहमी ब्रिजपेक्षा कमी आउटपुटचा. डंकन स्वतःच ५९ नेकला ७.४३ आणि ब्रिजला ८.१३ असा बनवते. जेबीबरोबर त्यांचाच 'जॅझ' नावाचा पिकप नेकला, ही जोडी तर इतकी चालते की दुकानदार सेट म्हणूनच देतो. नेकला सुपर डिस्टॉर्शन लावणारे बघितलेत मी, क्लीनवर ऐकवत नाही.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, इथल्या लोकांसाठी एक जादा सूचना, उघडे पोल स्क्रू दमट हवेत गंजतात, घाम लागला की अजून लवकर. आवाजावर फरक पडत नाही पण दिसायला वाईट. वाजवून झालं की पुसा.

कुठून घ्यायचे? मुंबईत असाल तर धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन आधी वेगवेगळ्या पिकपच्या गिटारी वाजवून बघा, सुटा पिकप ऐकता येत नाही पण तोच पिकप बसवलेली गिटार ऐकता येते, ज्या गिटारमध्ये कारखान्यातूनच जेबी किंवा ५९ येतो ती मागा आणि क्लीन चॅनलवर वाजवा, डिस्टॉर्शनवर नको, डिस्टॉर्शनवर सगळेच छान वाटतात. बाहेरून मागवलात तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशेब करा, बऱ्याच वेळा इथलीच किंमत बरी पडते. सेकंडहँड चालतो, पिकपमध्ये झिजण्यासारखं काही नसतं, फक्त मल्टिमीटर घेऊन जा, आकडा छापील आकड्याच्या जवळ आला म्हणजे कॉइल शाबूत. आकडाच येत नसेल तर वायर तुटलीय, सोडून द्या. आणि वायर किती लांब ठेवलीय ते बघा, काही महाभाग काढताना एवढी आखूड कापतात की पुन्हा जोड द्यावा लागतो.

गुण द्यायचे तर माझ्या हिशेबाने, माझ्या गिटारवर, माझ्या कामासाठी: ५९ ला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण सोलोला मदत लागते. सुपर डिस्टॉर्शनला साडेतीन, पण जुना बिनपेडलचा ट्यूब अँप असणाऱ्यांनी तो साडेचार वाचावा. जेबीला तीन, आणि यावर जेबीवाले चिडणार आहेत हे माहितीये, तुमच्या आल्डरच्या गिटारवर तो चार असेल, भांडत नाही.

सध्या ब्रिजला ५९ आहे आणि तोच राहणार. जेबी त्या सुपरस्ट्रॅटवाल्या मित्राच्या दुसऱ्या गिटारमध्ये गेला, खूश आहे तो. सुपर डिस्टॉर्शन अजून माझ्याकडेच डब्यात आहे, क्रीम रंगाचा, वायर पूर्ण लांब, विकायचा नाहीये, कोणी स्वस्तात एक चॅनलचा ट्यूब अँप काढत असेल तर मात्र कळवा.